वाचक विचारतात : प्रो व्हायची एवढी घाई कशाला?

गेल्या अंकात व्यावसायिक, म्हणजे प्रो, एमएमएबद्दल (मिक्स्ड मार्शल आर्ट्स : जाळीच्या पिंजऱ्यात, केजमध्ये, ठोसे-लाथा आणि कुस्ती दोन्ही चालणारी लढत) लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बरीचशी पत्रं सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडची आहेत. मी स्वतः तालमीतून या खेळात आलो आणि आता पुण्यात पोरांना शिकवतो, त्यामुळे ती वाचताना लिहिणाऱ्याचं घर डोळ्यापुढे उभं राहत होतं. त्यातली काही आज घेतो. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. लहानपणापासून तालमीत आहे, जिल्ह्याला ७४ किलोत पदक घेतलंय. आता मोबाईलवर रशियाच्या खबीबच्या एमएमए लढती बघतो आणि "कुस्ती सोडून एमएमए करणार, पुण्याला जाणार" म्हणतो. आम्ही शेतकरी माणसं. इतकी वर्षं त्याला दूध-बदाम घातले ते वाया जाणार का? (एक वडील, वाळवा तालुका)

दादा, वाया काहीच जाणार नाही. समोरच्याला त्याच्या मनाविरुद्ध खाली आणायचं आणि खालीच ठेवायचं, हे शिकायला या खेळात सगळ्यात जास्त वर्षं लागतात. तुमच्या पोराला ते येतं. हेन्री सेहुदोने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५५ किलोत फ्रीस्टाईलचं सुवर्ण घेतलं, २०१३ मध्ये तो एमएमएत आला. २०१६ मध्ये डिमेट्रियस जॉन्सनने त्याला पहिल्याच फेरीत गुडघ्यांचे तडाखे देऊन थांबवलं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच जॉन्सनकडून सेहुदोने यूएफसीचा, म्हणजे एमएमएतल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी कंपनीचा, विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला. ऑलिंपिक विजेत्यालाही एमएमएत आल्यावर पाच वर्षं लागली, हे पोराला सांगा.

कारण कुस्तीतल्या काही सवयी केजमध्ये अंगावर येतात. तालमीतला पोरगा माझ्याकडे आला की पहिल्या आठवड्यातच हे दिसतं. जिउ-जित्सूवाला (जमिनीवरच्या पकडी आणि गळा आवळणं शिकलेला) कुणी त्याला खाली घेतो. पैलवान झटक्यात पालथा होतो, छाती मॅटला चिकटवतो, कोपरं आत ओढतो, मान रुतवून बसतो. वस्तादांनी हेच शिकवलेलं असतं : पाठ लागली की निकाल, म्हणून पोटावर जा आणि वरच्याचा घाम काढ. केजमध्ये पाठ लागली म्हणून कुणी हरत नाही. उलट पालथं पडलात की समोरच्याला आयती स्वारी मिळते. तो दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो, एक हात हनुवटीखालून सरकवतो, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कुलूप घालतो. पैलवानाला वाटतं श्वास चालू आहे, म्हणजे अजून दम धरता येईल. पण दाब गळ्याच्या दोन बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर असतो आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. पाठीवर पडून, गुडघे मध्ये घेऊन, शांतपणे लढायचं हे शिकवताना मी पोरांच्या डोळ्यांत अक्षरशः लाज बघितलीय. ती जायला महिने लागतात.

पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची, घाईही तशीच. बेन आस्क्रेन हा ऑलिंपिकला गेलेला अमेरिकी पैलवान. ६ जुलै २०१९ ला लास वेगासमध्ये लढत सुरू होताच तो डोकं खाली घालून होर्हे मासविदालच्या पायांवर गेला आणि उडत्या गुडघ्यावर आदळला. ५ सेकंदांत लढत संपली.

आता पोटापाण्याचं. राहुल आवारे, विजय चौधरी, नरसिंग यादव यांना कुस्तीवर पोलीस उपअधीक्षकाचं पद मिळालं. रेल्वे आणि सैन्यदलातही कुस्तीच्या पदकाला मान आहे. एमएमएच्या पट्ट्यावर आज तशी भरती होत नाही. २०२६ च्या आईची-नागोया आशियाई खेळांत एमएमएचा समावेश झालाय, त्यामुळे पुढे चित्र बदलेल अशी मला मनापासून आशा आहे. पण आशेवर १९ वर्षांच्या पोराची कुस्ती सोडवू नका. पदवी होईपर्यंत त्याला विद्यापीठ आणि राज्य पातळीवर कुस्ती खेळू द्या. त्याच्या जोडीने आठवड्यात दोन-तीन दिवस बॉक्सिंग आणि जिउ-जित्सू.

आणि तो खबीबचं नाव घेतो ना, तर त्याला खबीबचा हिशोब दाखवा. रशियातल्या दागेस्तानच्या सिल्दी गावचा हा पोरगा वडिलांच्याच, अब्दुलमनाप यांच्या, हाताखाली तयार झाला. २००८ मध्ये प्रो झाला आणि आपल्या भागातल्या छोट्या स्पर्धांत १६ लढती जिंकल्यावर, २०१२ मध्ये, यूएफसीत उतरला. मध्ये २०१४ ते २०१६ दोन वर्षं दुखापतींनी घरी बसला. पट्टा मिळाला एप्रिल २०१८ मध्ये. ऑक्टोबर २०२० मध्ये, वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी, २९ लढती अजिंक्य राहून तो ३२ व्या वर्षी थांबला. म्हणजे दहा वर्षांची चाल आणि अडीच वर्षांचा पट्टा. मोबाईलवर दिसतात ती शेवटची अडीच.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. ज्युदो केलंय, एमएमएच्या तीन हौशी लढती खेळले, दोन जिंकले. एका आयोजकाने तीन आठवड्यांनी होणाऱ्या कार्डवर (एका रात्रीच्या लढतींच्या यादीत) प्रो लढत देऊ केलीय. "अशी संधी परत येत नाही" म्हणतात. घेऊ का? (नाशिक)

नको घेऊस.

तुझ्यात दम नाही म्हणून नव्हे. तीन आठवड्यांवर लढत आली असताना आयोजक नवख्या मुलीला फोन करतो, तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची प्रतिस्पर्धी गळालेली असते आणि कार्ड भरायचं असतं. समोरची मुलगी महिनोन् महिने तयारी करून बसलेली असते, तिच्या घरचे तिकीट काढून येणार असतात, पोस्टरवर तिचा फोटो असतो. त्या रात्री तुझं काम तिला जिंकवायचं. हे मी अनेक कोपऱ्यांत उभा राहून बघितलंय आणि दर वेळी मला राग आलाय.

हौशी लढत हरलीस तर चार महिन्यांनी ती कुणाला आठवत नाही. प्रो लढतीची नोंद मात्र कायमची राहते. पुढे सिंगापूरचा, बहरीनचा, अमेरिकेचा कुणी तुझं नाव शोधेल तेव्हा पहिल्यांदा जिंकलेल्या-हरलेल्या लढतींची ती आकड्यांची जोडी बघेल, मग व्हिडिओ. शिवाय नियमांतही फरक आहे. आंतरराष्ट्रीय हौशी लढतीत तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, नडगीला पॅड, मोठे ग्लोव्हज आणि कोपराला बंदी. प्रोमध्ये पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, चार औंसांचे ग्लोव्हज आणि कोपर चालतं. तीन मिनिटांवर बसवलेला दम पाच मिनिटांत चौथ्या मिनिटाला संपतो. कोपराने भुवई फाटली की रक्त डोळ्यात उतरतं आणि डॉक्टर लढत थांबवू शकतात. याची सवय तीन आठवड्यांत होत नाही.

माझ्या मुलींना मी आठ-दहा हौशी लढतींशिवाय प्रो होऊ देत नाही, आणि त्यात दोन तरी हरलेल्या असाव्यात असं मला वाटतं. हरल्यावर सोमवारी सराव करायला येतेस का, हे तुलाही कळायला हवं.

तरीही जायचंच ठरवलंस, तर सही करण्याआधी कागद नीट वाच. किती लढतींचा आणि किती वर्षांचा करार आहे? दरम्यान दुसरीकडे खेळायची मुभा आहे का? हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार? केजजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका असेल हे लेखी आहे का? एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीच्या रक्ततपासण्या समोरच्या मुलीच्याही झाल्यात का? एवढं विचारल्यावर आयोजक चिडला, तर तुला उत्तर मिळालं.

प्रश्न : माझा भाऊ लढतीआधीच्या चार-पाच दिवसांत सात-आठ किलो उतरवतो. गरम पाण्याच्या टबात बसतो, थुंकून वजन कमी करतो, पाणी बंद. मागच्या वेळी तो रात्री आईलाही नीट ओळखत नव्हता. सगळेच करतात म्हणतो. (सोलापूर)

ताई, सगळे करतात हे खरं. त्यात माणसं मेलीत हेही खरं. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्राझीलचा लेआंद्रो सूझा वजन उतरवताना गेला. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात यांग ज्यान बिंग हा २१ वर्षांचा चिनी लढवय्या वजन उतरवताना लढतीच्या आदल्या दिवशी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिप या सिंगापूरच्या एमएमए कंपनीने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी आणली. तिथे आता वजनाबरोबर लघवीचीही तपासणी होते आणि शरीरात पुरेसं पाणी नसेल तर वजन बसूनही चालत नाही. खबीबलाही मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना रुग्णालयात न्यावं लागलं आणि टोनी फर्ग्युसनशी ठरलेली लढत रद्द झाली.

हे करतात का, तर वजन आदल्या दिवशी होतं. ७० किलोच्या गटात काट्यावर ७०.३ भरलं की झालं. मग रात्रभर पाणी-मीठ-भात भरून माणूस ७७ चा होऊन केजमध्ये येतो आणि समोरच्यापेक्षा जड असतो. पण समोरचाही तेच करून आलेला असतो! पोटात पाणी गेलं तरी मेंदूभोवतालचं द्रव एका रात्रीत पुरतं भरून येतंच असं नाही, आणि त्याच डोक्यावर दुसऱ्या दिवशी ठोसे बसणार असतात. आईला न ओळखणं हा त्याचाच इशारा होता. त्या रात्री त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं. पुन्हा असं झालं तर वजनाचा विचार न करता न्या.

माझ्याकडचा नियम असा : लढतीच्या आठवड्यातल्या सोमवारी गटाच्या वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त असाल तर लढत नाही, आयोजकाला फोन मी करतो. ७० किलोसाठी म्हणजे साडेतीन किलो. बाकीचं वजन आधीच्या आठ-दहा आठवड्यांत ताटातून उतरलं पाहिजे. भाऊ ७८ चा असेल तर त्याने ७७ च्या गटात लढावं. लघवीच्या गोळ्या घेत असेल तर त्या आजच बंद करायला लावा. किडनीला घातक आहेतच, शिवाय जागतिक उत्तेजकविरोधी यादीतही बंदी असलेल्या आहेत.

प्रश्न : नक्की पैसा किती आहे? आकड्यांत सांगा. (ठाणे)

वरच्या टोकाला भरपूर. ऑक्टोबर २०१८ च्या खबीब-मॅकग्रेगर लढतीला नेवाडा राज्याच्या आयोगाने जाहीर केलेलं मूळ मानधन मॅकग्रेगरला ३० लाख डॉलर आणि खबीबला २० लाख डॉलर होतं.

यूएफसीत नव्याने येणाऱ्याचा करार अलीकडच्या वर्षांत साधारण १२ हजार डॉलर लढायला उतरण्याचे आणि जिंकलं तर आणखी १२ हजार, असा राहिलाय. पोशाखाच्या कराराचे सुरुवातीच्या लढतींना ४ हजारांच्या आसपास. हरलात तर हातात १६ हजार. लढत अमेरिकेत असेल तर परदेशी खेळाडूचा ३० टक्के कर आधीच कापतात. मग व्यवस्थापकाचे आणि जिमचे टक्के, कॅम्पचं (लढतीआधीच्या खास सरावाचं) राहणं-खाणं, फिजिओ. वर्षाला दोन, फार तर तीन लढती. दुखापत झाली तर एकही नाही. लढवय्या हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो, त्यामुळे पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. जुन्या लढवय्यांनी २०१४ मध्ये यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला आणि तो ३७ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला. न्यायालयाची अंतिम मंजुरी २०२५ मध्ये आली. तो पैसा त्यांचा हक्काचाच होता असं माझं ठाम मत आहे.

भारतात सुरुवातीच्या प्रो लढतीचं मानधन प्रवास आणि तपासण्यांतच जातं. माझ्याकडची कमावती पोरं सकाळी लोकांना शिकवतात आणि संध्याकाळी स्वतःचा सराव करतात. या धंद्यात घर चालतं ते बहुतेकांचं शिकवण्यावर. म्हणून पोटऱ्या-दंडांइतकंच बोलण्यावर आणि समजावून सांगण्यावर लक्ष द्या, असं मी त्यांना सांगत असतो.

प्रश्न : पहिलीच प्रो लढत हरलो. मित्र म्हणतात संपलं. (अमरावती)

मित्रांना पूजा तोमरचं नाव सांग. मुझफ्फरनगर जिल्ह्यातली मुलगी, वुशू या चिनी युद्धकलेतली राष्ट्रीय विजेती. वन चॅम्पियनशिपमध्ये तिला पराभव पचवावे लागले. जानेवारी २०२० मध्ये बँकॉकला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तर पहिल्या फेरीतच थांबवलं. ती परत देशात येऊन मॅट्रिक्स फाईट नाईट या भारतीय स्पर्धेचा पट्टा जिंकली, २०२३ मध्ये यूएफसीशी करार झाला आणि ८ जून २०२४ ला अमेरिकेतल्या लुइव्हिलमध्ये रायान दोस सांतोसला हरवून यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तीन पंचांपैकी दोघांनी ती लढत तिला दिली, एकाने समोरचीला. पुढच्या मार्चमध्ये लंडनला ती आर्मबारवर (कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीवर) हरली.

मुंबईचा भरत खंडारे तिच्याही आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, शांघायला यूएफसीत उतरला. विशीही न गाठलेल्या सोंग यादोंगने पहिल्या फेरीत त्याला गिलोटिनमध्ये (समोरून गळा आवळणाऱ्या पकडीत) अडकवलं. तो हरला, पण भारतातून तिथवर जाता येतं हे आमच्या पोरांना त्याच्यामुळे कळलं. मला त्याचा अभिमान आहे.

तू हरलास कसा, ते मात्र पत्रात लिहिलं नाहीस. व्हिडिओ प्रशिक्षकाबरोबर बसून बघ. दमामुळे हरला असशील तर सहा महिने दमावर काम कर. गळ्यात अडकून हरला असशील तर जिउ-जित्सूच्या वर्गात पांढऱ्या पट्ट्यापासून, म्हणजे पहिल्या पायरीपासून, सुरुवात कर. ठोसा लागून शुद्ध गेली असेल तर आधी खालचं उत्तर वाच.

प्रश्न : मुलाला वर्षभरात दोनदा नॉकआऊट झालेलं बघितलं. घरी प्रकाश सहन होत नाही, छोट्या गोष्टीवर चिडतो. तो म्हणतो, ठीक आहे. कधी थांबवायचं? (एक आई, पिंपरी)

काकू, आत्ता. कायमचं थांबायचं की नाही ते नंतर ठरेल, सराव आज थांबवा. प्रकाश न सोसणं आणि चिडचिड ही मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणं आहेत, आणि तो पुरता बरा होण्याआधी दुसरा धक्का बसला तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत नॉकआऊटनंतर राज्याचे आयोग साधारण दोन महिने लढायला मनाई करतात आणि त्यातले बरेच दिवस मार लागेल असा सरावही करू देत नाहीत. आपल्याकडे तशा मनाईचा कागद कुणी हातात देत नाही, म्हणून तो घरच्यांनी द्यायचा. क्लीव्हलँड क्लिनिक २०११ पासून लास वेगासमध्ये लढवय्यांच्या मेंदूंचा अभ्यास करतंय. जितका जास्त मार, तितके मेंदूचे काही भाग आक्रसलेले, असं त्यात दिसलंय.

आणि हा मार लढतीतला कमी, रोजच्या स्पारिंगमधला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीतला) जास्त असतो. लढत वर्षात दोनदा, पण काही जिममध्ये शुक्रवारी जोरात स्पारिंग, मंगळवारी पुन्हा जोरात. मला हे मान्य नाही. माझ्याकडे डोक्यावर जोराचे ठोसे फक्त कॅम्पमध्ये, तेही मोजून. बाकी दिवस पॅड, कुस्ती, जमिनीवरचं काम.

न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, एमआरआय करून घ्या, आणि प्रशिक्षकाला तुम्ही स्वतः भेटा. "थोडं तर होतंच" असं उत्तर आलं तर जिम बदला. वर्षात दोन नॉकआऊट झालेला माझा स्वतःचा मुलगा असता तर मी त्याला पुढचं संपूर्ण वर्ष केजमध्ये जाऊ दिलं नसतं. त्या वर्षात त्याला लहान मुलांचा वर्ग घ्यायला लावा; राग येईल, पण खेळापासून तुटणार नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, बँकेत आहे. स्पर्धा नाही, पण शिकायचंय. उशीर झाला का? (लातूर)

मुळीच नाही. जिउ-जित्सूपासून सुरुवात करा. तिथे डोक्याला मार नसतो आणि शनिवारी सराव करून सोमवारी काउंटरवर बसता येतं. आधी डॉक्टरकडून रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्या, दातांचं गार्ड पहिल्याच दिवशी विकत घ्या, नखं कापून जा. आणि विशीतल्या पोराने हात अडकवला की लगेच टॅप करा (थोपटून हार माना), त्याला जोर लावायची वेळ आणू नका. लातूरला वर्ग सापडला नाही तर ज्युदोचा शोधा, तोही चालेल.